हळव्या नागलीचं सूप

भुकेवर बोलायचं तर माणूस आधी भरपेट जेवलेला पाहिजे, हे नाशिकच्या त्या क्लबाला पक्कं ठाऊक होतं. क्लबाचं नाव कशाला घ्या? घेतलं तर तेवढंच फुकटात मिरवतील. मे महिन्याच्या अखेरीला, जागतिक भूक दिनाच्या निमित्तानं, त्यांनी गंगापूर रोडवरच्या एका झकास हॉटेलात परिषद भरवली. सकाळी नाश्त्याला मिसळ, इडली आणि गरम जिलबी. मग भुकेवर भाषणं. मग बत्तीस पदार्थांचं जेवण. जेवणानंतर सत्कार आणि आइस्क्रीम. भुकेचं एवढं कौतुक भुकेल्या माणसानंसुद्धा कधी केलं नसेल.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत फुलाबाई बसली होती. पेठ तालुक्यातल्या अकरा घरांच्या पाड्यावरची बाई, साठी ओलांडलेली, अंगानं काटक आणि जिभेनं तिखट. आज तिचा सत्कार होता. पहाटे पाचला क्लबाची जीप तिला घ्यायला गेली होती, आणि तेव्हाचा कोरा चहा सोडला तर तिच्या पोटात काही नव्हतं. नाश्त्याच्या टेबलापाशी ती गेली नाही असं नाही. जाऊन उभी राहिली. पण "या, बसा, जेवा" असं कोणी म्हटलंच नाही. परक्याच्या दारी कोणी म्हटल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, ही पाड्याची रीत. इथं जो तो बशी घेऊन तुटून पडलेला. फुलाबाई पदर आवरून परत खुर्चीत येऊन बसली.

"काय माणसं तरी," ती स्वतःशीच पुटपुटली. "ढोरंबी दावणीला जरा थांबत्यात."

तिला इथं आणलं होतं क्लबाच्या सेक्रेटरी वेदिका मॅडमनं. मनानं वाईट नाही हो ही बाई, पण ऐकायची सवय नाही. पंधरा दिवसांपूर्वी ती पाड्यावर आली, फुलाबाईच्या चुलीवर टांगलेलं टोपलं पाहिलं आणि हरखून गेली. शेणानं लिंपलेलं, धुरानं काळं झालेलं टोपलं. आत पायलीभर नागली, म्हणजे आपली नाचणी, कीड लागू नये म्हणून चुलीच्या राखेत कालवून ठेवलेली.

ती नागली म्हणजे बी होतं. हळवी नागली, म्हणजे लवकर पिकणारी. दाणा कमी देते म्हणून बाकी घरांनी ती कधीच सोडून दिली आणि उशिरानं येणारी गरवी धरली. गेल्या हंगामात कापणीच्या तोंडावर पावसानं आठ दिवस मुक्काम ठोकला आणि सगळ्यांची गरवी उभ्या शेतात कुजली. फुलाबाईची हळवी मात्र त्याआधीच घरात आली होती. आता अकरा घरांना पेरायला नागलीचं बी होतं ते तेवढंच, त्या एका टोपल्यात. दहा-बारा दिवसांनी घरटी एकेक बाई वाटी घेऊन येणार, फुलाबाई मापून देणार, आणि पालापाचोळ्याचा राब भाजलेल्या जमिनीत ते पडणार, असं ठरलेलं.

"आजी, हे आमच्या प्रदर्शनात पाहिजेच," वेदिका म्हणाली होती. "संध्याकाळी जीपनं परत आणून सोडते. माझा शब्द."

"मूठभर नेते," फुलाबाई म्हणाली.

"मूठभर काय दिसणार टेबलावर? टोपलं भरलेलं पाहिजे. आणि आजी, तुमच्या अकराही घरांना क्लबातर्फे तांदळाचा एकेक कट्टा, अख्खी गोणी."

मे महिना. घरातलं धान्य सरत आलेलं, मजुरीला गेलेली माणसं अजून परतायची होती. फुलाबाई दोन रात्री विचार करत राहिली आणि मग टोपलं उतरवलं. अकरा घरांच्या तोंडात घास पडणार तर एक दिवस बी गावाला जाऊन येईल, काय बिघडलं, असं तिनं स्वतःला समजावलं.

सकाळी हॉलबाहेरच्या टेबलावर तिनं टोपलं स्वतःच्या हातानं ठेवलं. वेदिकानं त्यापुढं पाटी लावली, 'पारंपरिक वाण'. मग फुलाबाईला आत बसवलं. पुढं काय झालं ते तिला कळलं नाही, पण आपल्याला कळायला हरकत नाही.

क्लबाचे अध्यक्ष दीपकशेठ साडेनवाला आले. या गृहस्थांचा आयुष्यात एकच धसका, कार्यात काही कमी पडायला नको! पोरीच्या लग्नात चारशे माणसं आली आणि स्वयंपाक नऊशेंचा झाला, ते अजून छाती फुगवून सांगतात. उरलेल्याचं काय झालं असं कोणी विचारलं तर म्हणतात, "अहो, ते केटररवाला बघतो." तर दीपकशेठना जेवणात नागलीचं सूप हवं होतं, आणि शेफ म्हणाला, नागली आलीच नाही. दीपकशेठनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि टेबलावरचं टोपलं दिसलं.

"हे काय आहे मग? घ्या की! शेतातून थेट ताटात!"

"सगळी घेऊ, साहेब?"

"सगळी. कमी पडायला नको."

झालं. उंदीर बिचारा बी खातो तर चार दाणे तरी सांडून ठेवतो. हे त्याच्याही पुढचे निघाले.

दुपारी एकला जेवण लागलं. 'अन्न हे पूर्णब्रह्म' असा भलामोठा फलक, आणि त्याच्याच खाली उष्ट्या ताटांसाठी निळे टब. कुणी पनीर चाखून टाकलं, कुणी पुरणपोळीचा एक कोपरा मोडून. सकाळी ज्यांनी "जगात कोट्यवधी माणसं उपाशी झोपतात" असं घसा दाटून सांगितलं, त्या वक्त्यांच्या ताटातला भात तसाच टबात गेला. डाएट होतं म्हणे. डोंबलाचं डाएट!

फुलाबाई अजून खुर्चीतच होती. पोटात कावळे ओरडत होते, पण "जेवा" म्हणायला कोणी येईना. तेवढ्यात एक वाढपी ट्रे घेऊन तिच्यापुढं वाकला आणि म्हणाला, "घ्या, मावशी." अखेर कोणीतरी विचारलं. तिनं इवलासा कप उचलला आणि गरम सूप एका दमात पिऊन टाकलं. पोटात जरा ऊब आली.

आणि मग जिभेवर धूर आला.

मलई, मिरपूड, काय काय घातलं होतं वर. पण खाली धूर होता, तिच्याच चुलीचा. चाळीस वर्षं जी चव ती ओळखत आली, ती चुकेल कशी? फुलाबाईच्या हातातला कप खाली पडला. ती उठली आणि जवळजवळ पळतच बाहेर आली. टेबलावर पाटी होती. टोपलं नव्हतं.

ती शोधत शोधत हॉटेलच्या मागच्या अंगाला पोचली. तिथं भांडी घासायला सुरगाण्याकडची नवसाबाई बसली होती. फुलाबाईनं टोपलं कुठं म्हणून विचारलं, तशी आपली बोली ऐकून ती चटकन उठली.

"राखेतली नागली ना, आत्या? सकाळी आली व्हती. शेफ म्हणला, लय घाण हाय. तीन पाण्यानं धुतली, कोमट पाण्यात भिजवली, मग मिक्सरला लावली."

"सगळी?"

"सगळी. टोपलं तेवढं तिकडं पडलंय." नवसाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. "आत्या, बी व्हतं का ते?"

फुलाबाईनं जाऊन टोपलं उचललं. पलीकडं पत्र्याचे दोन ड्रम होते. नुसत्या नागलीच्या पिठल्यासारख्या लगद्यानं एक अर्धा भरला होता. प्रत्येकी कपभर सूप तीनशे माणसांना पुरून उरलं होतं, आणि तीनशेतल्या निम्म्यांनी एक घोट घेऊन कप टाकले होते. वरून फिनेल ओतलेलं. कुणी काढून खाऊ नये, खाऊन आजारी पडला तर हॉटेलचं नाव खराब होतं, म्हणून.

"डुकरालाबी देणार नाय," नवसाबाई हळूच म्हणाली. "रोज असंच."

तेवढ्यात वेदिका धापा टाकत आली. "आजी, इथं काय करताय? स्टेजवर नाव पुकारलं तुमचं!"

"बाय, माझं बी?"

वेदिकानं ड्रमकडं पाहिलं, मग फुलाबाईकडं. तिला कळलं. चेहरा पांढरा पडला बिचारीचा. पण कार्यक्रम थांबवायची हिंमत कुठून आणणार? "आपण नंतर बोलू, आजी. मी देते काहीतरी. आत्ता चला."

स्टेजवर शाल झाली, नारळ झाला. दीपकशेठनी माइक तिच्या तोंडापुढं धरला. "दोन शब्द बोला, मावशी. मनातलं."

फुलाबाईनं समोर पाहिलं. सुस्तावलेली तोंडं, हातात आइस्क्रीम.

"मी आठ वर्षाची व्हते," ती म्हणाली. "बहात्तरचा दुष्काळ. घरात दाणा नव्हता. कंद सरलं, पाला सरला. माझा भाऊ बुधा, तीन वर्षाचा, चुलीपुढं पडून रडायचा. आन चुलीवर हेच टोपलं टांगलेलं. भरलेलं. बुधा वर बोट दाखवायचा. आय म्हणायची, ते खायचं नाय, ते बी हाय. सातव्या दिवशी बुधा गेला. आयनं टोपल्याला हात लावला नाय. पुढं पाऊस झाला, तवा तेच बी साऱ्या पाड्यानं पेरलं. आमी जगलो ते त्याच्यावर." ती दीपकशेठकडं वळली. "ते बी तुमी आज शिजवलं. मला माझं बी द्या."

मग टाळ्या. अहो, उभं राहून टाळ्या! एका बाईनं तर रुमालानं डोळे टिपले, आइस्क्रीम दुसऱ्या हातात धरून. शेवटचं वाक्य कुणाच्या कानात शिरलंच नव्हतं. दीपकशेठच्या शिरलं होतं, पण त्यांना त्यात काही अवघड वाटलं नाही.

"मावशी, चिंता करू नका," ते माइकवर म्हणाले. "तुमची पायलीभर नागली गेली ना? अकरा कट्टे ठरले होते, मी माझ्यातर्फे आणखी दोन देतो. तेरा! कमी पडायला नको." पुन्हा टाळ्या.

फुलाबाईनं त्या माणसाकडं नीट निरखून पाहिलं. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त कीव आली. एवढा मोठा झालेला माणूस, आणि धान्य नि बी यांतला फरक कळत नाही! पाड्यावरच्या रांगत्या पोराला कळतो.

तांदूळ मात्र दिला हो, खोटं कशाला बोला. तेरा कट्टे, प्रत्येकावर दीपकशेठचा हसरा फोटो. जीप ऊन उतरताना पाड्यावर पोचली. पोरं कट्ट्यांवर नाचली. बाया गोळा झाल्या. धोंडाबाईनं येताना वाटी आणली होती. आभाळ दोन दिवस भरून येत होतं, तेव्हा बी आजच घेऊन ठेवू म्हणून. तिचं पाहून आणखी चौघींनी वाट्या आणल्या.

फुलाबाईनं रिकामं टोपलं ओट्यावर ठेवलं.

"बी कुठं हाय?" म्हाताऱ्या चिमाजीनं विचारलं.

"खाल्लं."

"कोनी?"

"त्यांनी. कपभर मीबी प्याले, ठाव नव्हतं." हे सांगताना तिला रडू फुटलं, आणि ती ते लपवेना.

कुणी तिला बोल लावला नाही. बाया वाट्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. बी खाणारी माणसं या पाड्यानं पाहिली नव्हती, पण ऐकली होती. दुष्काळात वेडीपिशी झालेली, पोरं मरायला टेकलेली माणसं. धोंडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आपली वाटी ओट्यावर ठेवली, एका कट्ट्यावरून हात फिरवला आणि तो जीपकडं सरकवला.

"हे परत धाड त्यांना," ती म्हणाली. "बी खायची येळ आली म्हंजी… किती दिवसांचे उपाशी व्हते गं बिचारे?"

फुलाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"त्यांचं जेवण झालेलं व्हतं," ती म्हणाली.