विरजणाची माळ

या दरीत माणसं जन्मतात, लग्नं करतात, कुंपणावरून भांडतात आणि शेवटी पुरली जातात, ती सगळी माझ्या कृपेने. माझ्याशिवाय इथलं बारसं हे बारसं नव्हे, आणि मर्तिकाला तर कुणी फिरकतसुद्धा नाही. मी एक जुनी लाकडी माळ आहे. सध्या मी चुलीमागच्या खिळ्यावर लटकते. त्याच खिळ्यावर माझ्या म्हाताऱ्या मालकाचे, सिगवाल्डचे, लोकरी मोजे वाळत असतात.

मित्रांनो, मला कुणी गळ्यात घालत नाही आणि माझ्यावर जपही करत नाही. माझ्यात बियरचं विरजण राहतं. पिंपात बियर फसफसू लागली की मला तिच्यात बुडवतात आणि मग वर काढून वाळवतात. माझ्या खाचाखाचांत ते विरजण झोपून राहतं. पुढच्या खेपेला मला सातूच्या गोड रसात सोडलं की जागं होतं. तुम्ही लहान असाल तर नुसता वास घ्या आणि पुढे वाचा.

मला सिगवाल्डच्या आजोबांनी बनवलं. त्या हिवाळ्यात बर्फामुळे दार उघडत नव्हतं, आणि आजीला कणीक मळायला लाकडी परात हवी होती. आजोबांनी बर्च झाडाचा ओंडका घेतला, त्याचे तुकडे कोरले आणि खिळा न मारता एकात एक अडकवले. परात काही झाली नाही. आजी शेवटपर्यंत माझ्याकडे संशयाने बघायची. माझा स्वभाव तिच्यावर गेला असावा.

संशय घेण्यासारखं इथे पुष्कळ आहे. प्रत्येक घर सांगतं की आमचं विरजण पणजोबांच्या काळापासून कधी बिघडलेलं नाही. प्रत्येक घराला दुसऱ्या घराचं हे सांगणं खोटं वाटतं. एखाद्याचं बिघडलंच, तर त्याने शेजाऱ्याकडे मागायचं आणि शेजाऱ्याने नाही म्हणायचं नाही, असा रिवाज आहे. रिवाज फार चांगला. पण मागितलं की बिघडल्याची कबुली होते, म्हणून मागायला कुणी येत नाही. ‘सहज’ मात्र पुष्कळ येतात.

माझेही चांगले दिवस होते. लग्न ठरलं की नवरीच्या आधी माझी चौकशी व्हायची. नाताळच्या आधी सिगवाल्ड मला दोन्ही हातांवर घेऊन भट्टीघरात जाई, तेव्हा वाटेतली माणसं बाजूला होत. मग तो बर्फावर घसरला, कंबर मोडली आणि मी धूळ खात पडले. त्याची मुलगी गुद्रुन बर्गन शहरातून बाप सांभाळायला आली. तिथे ती बस चालवायची. बियरही करायची, पण डब्यातल्या पाकाची. डबा फोडायचा, पाणी ओतायचं, झालं. तिने एकदा बापासाठी बाटली आणली होती. सिगवाल्डने ती खिडकीतल्या झाडाला घातली, आणि तेव्हापासून तो त्या झाडाकडेही संशयाने बघू लागला.

त्याचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला तेव्हा गुद्रुन म्हणाली, “बाबा, यंदाची बियर मी करते.”

“कुठला डबा?”

“डबा नाही. सातू भिजवून, मोड आलेल्या दाण्यापासून.”

सिगवाल्डने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “साधलं तर माळ तुझी. बिघडलं तर मी ती ओदमुंडला देणार. निदान विरजण तरी जिवंत राहील.”

“आणि भट्टीघर?”

“त्यात तुझे डबे ठेव.”

गुद्रुन हसली, पण तिचे कान लाल झाले. माझ्या तर खाचा आवळल्या. ओदमुंड म्हणजे वरच्या अंगाचा शेजारी. त्याच्या घरात येईल ती वस्तू फ्रीझरमध्ये जाते. तिथे कॉड मासा आहे, गेल्या सालचं हरीण आहे, आणि एक पुडकं आहे, ज्यात काय आहे हे विचारायचं नसतं.

बियर करायच्या दिवशी सिगवाल्ड मांडीवर मेंढीचं कातडं घेऊन भट्टीघराच्या दारात खुर्ची टाकून बसला. “मी एक शब्द बोलणार नाही,” असं त्याने जाहीर केलं, आणि मग दिवसभर खोकला.

गुद्रुनने तांब्याच्या हंड्यात जुनिपरच्या सुगंधी झुडपाच्या फांद्या उकळल्या, ते पाणी भरडलेल्या सातूवर ओतलं, वल्ह्याने ढवळलं. गोड रस गाळला, पुन्हा हंड्यात घालून आटवला. काय चुकतंय ते मी बघत होते. काहीच चुकत नव्हतं. तेव्हा मला खरा संशय आला.

मग तिने पुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलं होतं, रस पार गार करावा. तिने पिंपाभोवती बर्फ लोटला. सिगवाल्डचा खोकला असा वाढला की छपराखालचे पक्षी उडाले.

“बाबा, औषध देऊ का?”

“नको.”

“मग काय हवंय?”

“मी काही बोललोय का?”

मित्रांनो, इथे माळ सोडतात ती धारोष्ण दुधाइतक्या कोमट रसात. मला तिने सोडलं ते ओढ्याच्या पाण्याइतक्या गार रसात. शिवाय माळ सोडताना जिवाच्या आकांताने ओरडायचं असतं, म्हणजे डोंगराखाली राहणारे अदृश्य लोक बियर चोरायला येत नाहीत. गुद्रुनला ओरडायची सवय नव्हती. तिला आयुष्यभर हॉर्न होता. तिने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, “हुं.” एवढ्याने डाससुद्धा उठत नाही.

दुसऱ्या दिवशी पिंप गप्प होतं. फेस नाही, बुडबुडा नाही. गुद्रुन झाकण उचलायची, बघायची, पुन्हा ठेवायची. अशात ओदमुंड सहज आला.

“तुमची कुऱ्हाड परत द्यायला आलो.”

“ती आमची नाही, ओदमुंडकाका.”

“नाही? मग बसतोच जरा.” त्याने पिंपाला कान लावला. “पोरी, हे तर समाधीत गेलंय.” मग तो पिंपात तरंगणाऱ्या माझ्याकडे बघत राहिला. एक हात कोटाच्या खिशात होता आणि तो बाहेर काढत नव्हता. “सिगवाल्ड, नाहीतरी हे काही उठत नाही. माळ मी नेऊ का?”

सिगवाल्डचा मुलीवर संशय होता, पण ओदमुंडवर जास्त होता. तो कुबडी टेकत उभा राहिला. “हात तर लावून बघ, म्हाताऱ्या! गुद्रुन, माळ बाहेर काढ. थोडा रस हंड्यात घे, तापव आणि परत ओत. बोट घालून बघ. गायीच्या सडातून आल्यासारखा लागला की थांब.”

“हे काल का नाही सांगितलंत?”

“दिवसभर सांगतच होतो की! खोकलो नाही का?”

गुद्रुनने पुस्तक चुलीजवळच्या लाकडांवर ठेवलं, जरा जास्तच जवळ. रस तापवला, ओतला, बोट घातलं. पुन्हा तापवला. मग मला हातात घेऊन रसात सोडलं, आणि बर्गनच्या चौकात जे कधी तोंडातून निघालं नसेल ते सगळं एकदम निघालं. ओदमुंडचा कुत्रा घराकडे पळाला. सवयीने ओदमुंडही ओरडला. सिगवाल्डने मांडीवरचं कातडं काढून पिंपावर पांघरलं आणि स्वतः कुडकुडत बसला. दिवस मावळायच्या आत ते कातडं फेसाने वर उचललं जाऊ लागलं. पिंप कुरकुरत होतं. माझ्या खाचांत मला गुदगुल्या होत होत्या.

वाढदिवसाला शेजारी जमले. इथे बियरची स्तुती करत नाहीत. वाडगा तोंडाला लावतात आणि घरात कुणी वारल्यासारखे गप्प होतात. सिगवाल्डने घोट घेतला. गुद्रुन हात एप्रनमध्ये लपवून उभी होती. वाडगा खाली ठेवून तो म्हणाला, “झाडाला नाही घालणार,” आणि मला उचलून तिच्या हातात दिलं. तिला एकदम चुलीत लाकूड घालायचं सुचलं.

मग वासावर चर्चा झाली. कुणी म्हणालं, संत्र्याची साल. कुणी म्हणालं, धूर आणि जुनिपर. ओदमुंडने नाक वाडग्यात खुपसलं. “आणखी एक आहे. खालून येतो, रेंगाळतो. ओळखीचा आहे, नाव सापडत नाही.”

सगळे गेले तरी ओदमुंड दारात घुटमळत होता. खिशात काहीतरी किणकिणलं.

“काका, काढा ती बरणी,” गुद्रुन म्हणाली.

“कसली बरणी?”

“खिशातली. त्या दिवशीही होती.”

“ती आपली... सहज.” त्याने बरणी काढली. गुद्रुनने पिंपातलं घट्ट विरजण तिच्यात भरून दिलं. “आमचं उत्तम आहे हं, पणजोबांचं,” तो म्हणाला. “हे तुलना करायला.”

“हो ना. तुलनेलाच.”

मी ज्याला चोर समजत होते तो मागायला आला होता. त्या दिवसापासून ओदमुंडवरचा माझा संशय गेला. त्याच्या फ्रीझरवरचा आहे.

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जपा. त्यांना हातात घ्या, वापरा, आणि जाणत्या माणसाचा खोकला ऐकत चला. शेजाऱ्याची बरणी रिकामी परत पाठवू नका. माझं म्हणाल तर मी सुखात आहे. नव्या मालकिणीने मला स्वतःच्या हाताने चुलीमागच्या त्याच खिळ्यावर टांगलंय. फक्त तो रेंगाळणारा वास कशाचा, हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कुणी कधी इकडे आलं, तर तेवढे मोजे दुसऱ्या खिळ्यावर टांगाल का?