त्या दिवशीच्या उन्हाचे आकडे

आमच्या घरात पक्ष्यांचं वेड एकाच माणसाला होतं, माऊला. म्हणजे आमच्या मुलीला. सारखी पाखरांच्या मागे असते म्हणून तिच्या बाबांनीच हे नाव ठेवलेलं. उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. माझ्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची, लाकूड झाले होते. हॉस्पिटलात जायचं, एक्स-रे काढायचे, "श्वास रोखा" म्हणायचं, "सोडा" म्हणायचं, घरी यायचं.

आमचे हे मात्र रोज सकाळी तिचा कॅमेरा घेऊन तळ्यावर जायला लागले. लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस, बगळा आणि बदक यांतला फरक सांगता यायचा नाही. येऊन गप्प बसायचे. चहा हवा का विचारलं तर मान हलवायचे. समोर बसलेला माणूस माझ्या हातून निसटत चालला होता. मला भीती तेवढी त्याची वाटायची, बाकी काही वाटतच नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्यामागे गेले. आभाळ भरलेलं होतं. बगळे उडाले की हे कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवायचे आणि बटण दाबायचे. हात चांगला बसला होता. मी मागून स्क्रीनवर डोकावले, तर सगळा अंधार.

"अहो, हे काय? कोळशाच्या वखारीत काढलेत का?"

"असेच येतात," हे म्हणाले.

"रोज?"

"ढग आल्यापासून."

मी आकडे बघितले. उजेडाचा हिशोब मला कोणी शिकवायला नको. जाड माणसाला किरण जास्त, काडीपैलवानाला कमी, यातच माझी नोकरी झाली. कॅमेऱ्यावर आकडे होते भर उन्हातले, टळटळीत दुपारचे. मी आकडे बदलायच्या चाकाकडे हात नेला तर यांनी कॅमेरा छातीशी धरला.

"हात लावू नकोस. ते तिनं लावलंय."

यांच्या लिफ्टच्या धंद्यात ती रीतच आहे. एकानं बसवून दिलेलं दुसऱ्यानं त्याला विचारल्याशिवाय हलवायचं नाही. पण आता विचारणार कोणाला?

"मग निदान ऑटोवर तरी ठेवा."

"ऑटोवर कॅमेरा मागचं आभाळ मोजतो. आभाळ उजळ असलं की पक्षी काळा पडतो. म्हणून ती मॅन्युअलवर काढायची."

कितीतरी दिवसांनी यांच्या तोंडून एवढी वाक्यं सलग ऐकली. तरी मी सोडलं नाही.

"काळा तर आत्ताही पडतोय की."

यांनी परत तसाच अंधाराचा फोटो काढला, परत तसंच त्याच्याकडे बघत बसले. मग मात्र माझं डोकं सणकलं.

"तिनं लावलंय, तिनं लावलंय, काय लावलंय तिनं? ढग आला की बदलायची, ऊन आलं की बदलायची. मी आले होते ना एकदा तिच्याबरोबर, डबा खायला बसली तरी एक बोट चाकावरच. मॅन्युअल म्हणजे काय, कॅमेरा आपणहून काही करणार नाही, आपण करायचं. हे तिचे आकडे नाहीत हो. त्या दिवशीच्या उन्हाचे आहेत. ते ऊन संपलं."

मला वाटलं, आता हे उठून जाणार. बाकावर तसेच बसून राहिले. कॅमेऱ्याच्या चाकावर अंगठा टेकवून बराच वेळ नुसता ठेवला.

"किती करू?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आयएसओ वाढवा, कमी उजेडातही दिसेल. अजून. शटरचा वेग थोडा खाली आणा, फार नको, फोटोत पंख हलतील."

चाक टकटक करत फिरलं. एक टक, मग थांबले, मग पुढचा. मी पाण्याकडे बघत राहिले, कारण यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

पलीकडच्या काठावरून एक राखी बगळा उठला आणि मान आखडून, पाय मागे सोडून आमच्या डोक्यावरून गेला. हे त्याच्याबरोबर वळले. शटर खडखडत राहिलं. मग कॅमेरा खाली आणून यांनी स्क्रीनवर हाताची सावली धरली आणि यांचा चेहरा एकदम खुलला.

"माऊ, बघ गं, पिसं दिसतायत."

हाक तोंडातून गेली आणि हे तसेच थांबले. हात अजून पुढे होता, कॅमेरा कोणाला तरी दाखवायला धरलेला.

"माऊ नाहीये हो," मी म्हणाले.

तिच्या ऑफिसात कळवलं होतं, तिचा फोन बंद केला होता, नातेवाइकांना सांगितलं होतं, सगळं मीच निस्तरलं होतं. पण आमच्या दोघांत हे वाक्य मी तोवर बोलले नव्हते. मी बाकावर बसले.

यांनी पुढे केलेला हात माझ्याकडे वळवला. मग कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला.

"मग तू बघ," म्हणाले.