निकोलाच्या सणाची गैरहजेरी

स्तानोय्काला पुढची तारीख एप्रिलमधली मिळाली, हे कळताच डॉ. विदोसावाचं डोकं सणकलं. छातीत गाठ लागलेल्या बाईने सोनोग्राफीसाठी वसंतापर्यंत थांबायचं?

दवाखान्यात पेशंटना वेळा देणारी नवी संगणक प्रणाली चाचणीवर होती. तिने स्तानोय्काला नेमकी डिसेंबरातल्या संत निकोलाच्या सणादिवशीची वेळ दिली. त्या दिवशी निम्म्या सर्बियाच्या घरी स्लावा, म्हणजे कुलसंताचा सण. घरची बाई पेटती मेणबत्ती सोडून उंबरा ओलांडत नाही. स्तानोय्का आली नाही. प्रणालीने तिला बेजबाबदार ठरवून रांगेच्या शेपटाला टाकलं. आज ती विचारायला आली होती आणि बाहेर बाकावर बसली होती.

आत समितीची बैठक. हीच प्रणाली घ्यायची, की पेशंटला फोनवर विचारून वेळ ठरवणारी दुसरी?

"दुसरीला एक माणूस पोसावा लागतो," संचालक रातोमिर म्हणाला. "ही कुणाचं तोंड बघत नाही. सगळ्यांना एकच नियम."

"निकोलाच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"घरी. आमचा स्लावा. तुम्हीही जेवलात की."

"जेवले. ही प्रणाली विकणारा तुमच्या शेजारी बसून पुन्हा पुन्हा मासा वाढून घेत होता. तुमची ती रजा, आणि स्तानोय्का बेजबाबदार?"

मुख्य परिचारिका मिलेवाला अचानक खोकला आला.

"मोबाइलवर एक बटण दाबून वेळ रद्द करता येते," रातोमिर म्हणाला.

"तिच्याकडे भिंतीवरचा फोन आहे. कुठलं बटण दाबू दे?"

"विदोसावाबाई, एका म्हातारीसाठी व्यवस्था मोडत नसतात."

विदोसावा उठली. बाकावरच्या स्तानोय्काला सोनोग्राफीच्या खोलीत नेऊन तिने तपासणीच्या पलंगावर झोपवलं.

"पोरी, माझंच चुकलं का गं?"

"नाही, आई. हात वर घ्या."

पडद्यावर गाठीच्या कडा वेड्यावाकड्या दिसत होत्या. विदोसावाने शहरातल्या शल्यविशारदाला फोन लावून उद्याची वेळ पक्की केली, मग बैठकीत परतली. आता तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"उद्या तपासणीसाठी सुईने गाठीचा तुकडा काढतायत. लक्षण चांगलं नाही."

रातोमिरने टेबलाकडे बघितलं. "ही तपासणी प्रणालीत नोंदलेली नाही."

"नाही. इतिवृत्तात तसंच लिहा, माझ्या नावासकट. आणि एप्रिलही लिहा."

मिलेवाने सगळं लिहिलं. खाली आपलं मत दुसऱ्या प्रणालीला दिलं आणि पेन विदोसावाच्या हातात ठेवलं.