सरासरी सात

थोरला जाऊन एकवीस दिवस झाले, आणि चौकशीच्या कागदावर त्याच्या नावापुढे एकच शब्द होता: बेफिकिरी. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं, तो थोडाच उठून भांडणार! वारा सेकंदाला सात मीटर होता, म्हणे. एवढ्याशा वाऱ्यात मुरलेल्या माणसाची बोट उलटते? म्हणजे चूक त्याचीच. उद्या त्यावर सह्या व्हायच्या होत्या.

हा सातचा आकडा आला होता धाकटीच्या, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीच्या तक्त्यातून. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या, तर आधी तिथला वारा दोन वर्षं मोजायचा, म्हणून खोल पाण्यात एक बोया तरंगत ठेवला होता. त्याच्यावरचं लेझरचं यंत्र दर दहा मिनिटांची सरासरी कचेरीत धाडायचं, धाकटी ती तक्त्यात लावायची. थोरला बोटीने जाऊन बोयाची देखभाल करायचा. त्या सकाळी त्याने फोन करून विचारलंही होतं, आणि तिने तक्ता बघून सांगितलं होतं, सातच आहे, जा बिनधास्त.

सरासरी म्हणजे गरीब गाय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण धाकटीला चैन पडेना. अपघातानंतर बोयातली पेटी काढून आणली होती, तिच्यात सेकंदासेकंदाचा वारा नोंदलेला होता. साहेब म्हणाले, सगळीकडे दहा मिनिटांचीच रीत आहे, उगाच कशाला उकरून काढता? तिने उकरलं. दर दहा मिनिटांत आठ मिनिटं वारा चारवर पेंगत होता आणि दोन मिनिटं वीसवर पिसाळला होता. सरासरी सात. आणि हे थोरला निघायच्या अर्धा तास आधीपासून चाललं होतं.

यंत्राने काही लपवलं नव्हतं. सगळ्यात जोराच्या झोताचा आकडा ते पहिल्या दिवसापासून पाठवत होतं. तक्ता एका पानावर मावेना, म्हणून गेल्या वर्षी तो रकाना धाकटीनेच काढून टाकला होता. छान सुटसुटीत झालं म्हणून साहेबांनी पाठही थोपटली होती.

बोललं तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं. वहिनी तुटेल याची भीती त्याहून मोठी होती. आणि गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

संध्याकाळी ती रकाना परत जोडलेला तक्ता घेऊन वहिनीकडे गेली. वहिनी पोरांच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत होती. धाकटीने सगळं सांगितलं, फोनसकट. वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली आणि त्या विसाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे ह्यांची चूक नव्हती."

"नव्हती. माझी होती."

वहिनी रडली नाही. असू दे, असंही म्हणाली नाही. कागदाची घडी घालून तिने तो धाकटीच्या हातात परत दिला.

"उद्या हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाच," ती म्हणाली. "आणि मग काही दिवस इकडे येऊ नकोस."

धाकटी बरं म्हणाली आणि चपला घालून निघाली.