ओयरी

डॉक्टरांनी थोरलीच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, तशी ती पुन्हा म्हणाली, "ओयरी."

अर्धांगवायूनं तिची सगळी वाचा नेली होती. पाणी गेलं, हो-नाही गेलं, नवऱ्याला मारायची हाक गेली. उरला हा एकच शब्द, आणि तोही धाकट्या जावेचा, नदीपलीकडच्या भाषेतला.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"थट्टा करतेय हो," थोरलीचा नवरा डोळे पुसत हसला. "घरातली जुनी गंमत आहे. खोड जात नाही बघा."

गंमत होतीच. लग्नानंतर आठवड्याच्या आतच शिवणयंत्राची सुई धाकटीच्या बोटात आरपार घुसली, तेव्हा ती "ओयरी, ओयरी" करत ओरडली होती. तिच्या माहेरी त्याचा अर्थ एवढाच, की दुखतंय. थोरलीनं रक्ताकडे ढुंकूनही पाहिलं नाही, शब्द तेवढा उचलला. मग काय विचारता! पाहुणे आले की बोट धरून, कंबर मोडून ती नाचायची, "ओयरी गं बाई, ओयरी!" घर पोट धरून हसायचं. पुढं कुणी उगाच नाटकं केली की सगळे म्हणायचे, "पुरे तुझी ओयरी." धाकटीची मुलगीही हेच ऐकत वाढली. आईनं आपल्या भाषेत हाक मारली तर ओ द्यायची नाही. लाज वाटायची पोरीला.

डॉक्टर धाकटीकडे वळले. "शब्द तुमच्याकडचा ना? नीट सांगा. दुखत असेल तर इंजेक्शन सुरू करतो. नसेल तर उगाच गुंगीत कशाला ठेवायचं?"

थोरलीनं चांगल्या हातानं धाकटीचं मनगट धरलं. "ओयरी," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता.

"दादा म्हणतात तेच," धाकटी म्हणाली आणि मनगट सोडवून घेतलं. तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला एकोणीस वर्षांत वाटलं नव्हतं.

डॉक्टर बॅग उचलून निघाले.

मुलगी धाकटीच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली, दार लोटलं.

"आई, खरं सांग. तुझ्या भाषेत ओयरी म्हणजे काय गं?"

पोरीनं आपल्याला एक तरी शब्द विचारावा म्हणून धाकटी किती झुरली होती! तिनं तोंड उघडलं. बाहेरच्या खोलीतून पुन्हा तोच आवाज आला, या वेळी लांबलेला.

"थट्टा," ती म्हणाली. "काकूनं शिकवलाय तोच अर्थ."