तळहातावर चोळून बघा

मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तिरुवल्लिकेणीत समुद्राकडच्या मैदानावर झावळ्यांचा हा मांडव नाताळच्या आधी उभा राहिला होता आणि एकोणसाठ सालचा जानेवारी उजाडला तरी उतरायचं नाव घेत नव्हता. उतरेल कसा? आतला येशू रडत होता. कमरेएवढा प्लास्टरचा पुतळा, डोक्यावर काट्यांचा जाड मुकुट, दोन्ही गालांशी जाडजूड मेणबत्त्यांची दाटी. रोज संध्याकाळी प्रार्थना रंगात आली की डोळ्यांच्या कोपऱ्यांतून थेंब ओघळत आणि सगळा मांडव हंबरडा फोडी. ख्रिस्ती होते, त्यांच्याहून जास्त हिंदू होते, मागे चार मुसलमानी टोप्याही दिसत होत्या. देव रडायला लागल्यावर तो कोणाचा, हे विचारायला कोणाला सवड होती!

"प्रभू कोणासाठी रडतो?" ब्रदर विजयकुमार माइकमध्ये ओरडले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट आणि केसांना भरपूर तेल. "डॉक्टरसाठी रडतो? कंपाउंडरसाठी? नाही! तुझ्यासाठी रडतो, अम्मा! आणि तू घरी जाऊन काय करतेस? गोळी गिळतेस! प्रभूचे अश्रू गालावर आणि डॉक्टरची गोळी पोटात! लाज नाही वाटत?"

लोकांना लाज वाटली. पुष्कळांनी माना खाली घातल्या.

मांडवाच्या तोंडाशी विमला साळवे उभी होती. ती मूळची नगरची, आजोबांपासून ख्रिस्ती, इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. नाताळच्या सुट्टीला गावी गेली होती, ती दुपारीच परतली. ट्रंक न उघडताच ती शेजारच्या दारावर थाप मारायला गेली, तर दाराला कुलूप. घरमालक नारायणस्वामी ओट्यावरून कौतुकानं म्हणाला, "सगळे मांडवात गेलेत, टीचरम्मा. सुंदरी आज स्टेजवर आहे. तुमच्याच देवानं बरी केली की!"

ते ऐकून विमला तशीच मांडवाकडे धावली होती.

सुंदरी, म्हणजे त्रिपुरसुंदरी, शेजारच्या अनंतकृष्णरावांची एकुलती एक मुलगी. तंजावरकडचं मराठी कुटुंब. राव गिंडीच्या एका कारखान्यात हेडक्लार्क, बायको अंबुजाबाई. पोरीला मधुमेह, तोही असा की रोज इन्सुलिनची सुई टोचल्याशिवाय जगणं नाही. आईचा हात थरथरे, बाप तोंड फिरवी. म्हणून दोन वर्षं रोज सकाळी विमला स्टोव्हवर सिरिंज उकळी, उकळेपर्यंत डोळे मिटून प्रार्थना म्हणे आणि मग पोरीला सुई देऊन शाळेत जाई. आपण धर्माचं काही करतो आहोत, असं ती कधी बोलली नाही. गावी जाण्याआधी तिनं रावांना संत्र्यात सुई खुपसायला शिकवलं होतं आणि बजावलं होतं, "एक दिवससुद्धा चुकवायचं नाही."

स्टेजवर लाल कापडाच्या खुर्चीत सुंदरी बसली होती. नवा परकर, केसांत मोगरा. अंग इतकं वाळलं होतं की परकर तिच्यावर टांगल्यासारखा दिसत होता. ती तोंड उघडं टाकून खोल, मोठे श्वास घेत होती. आणि लोक रांगेनं तिच्यापुढे वाकून तिच्या तोंडाचा वास घेत होते.

"बघा!" ब्रदर गरजले. "या पोरीनं सुई टाकली आणि प्रभूचे अश्रू प्याली. तिला सारखी तहान लागते. का? जीवनाच्या पाण्याची तहान! तिचा श्वास मोठा झाला. का? आत्मा आत शिरतो आहे! आणि तिच्या तोंडाला सुगंध येतो. बाजारात मिळतो का असा सुगंध? पिकल्या फळांचा! स्वर्गाच्या बागेतला! या, वास घ्या, धन्य व्हा!"

विमला रांग मोडून पुढे घुसली. लोकांनी शिव्या घातल्या, तिनं ऐकल्या नाहीत. सुंदरीपुढे वाकली आणि तो वास नाकात शिरला. सडायला आलेल्या फळांचा गोडसर वास. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी हीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: तोंडाला असा वास आला, तर ते विष आहे, चप्पल घालायलाही थांबू नका, दवाखाना गाठा. आणि इथं त्याच विषाचा प्रसाद चालला होता.

"टीचर," सुंदरी हळूच म्हणाली. तिचे ओठ फुटले होते. "आता सुई नको ना? मी बरी झाले."

"अंबुजाबाई!" विमला ओरडली. "चला, उचला हिला. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल!"

खुर्चीमागे अंबुजाबाई हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत कधी न दिसलेला आनंद होता. "अय्यो, टीचरम्मा, असं कां बोलतां?" त्या आपल्या तंजावरी मराठीत म्हणाल्या. "सामी स्वतः रडला पोरीसाठीं. चमचा चमचा पाजलं मीं. तुमचाच सामी हा, अन् तुम्हालाच विश्वास नाहीं?"

"माझा विश्वास सिरिंज उकळताना असतो," विमला म्हणाली. "सुई कधी बंद केली? राव, तुम्ही सांगा!"

अनंतकृष्णरावांनी बायकोकडे पाहिलं, मग ब्रदरांकडे, आणि मग स्वतःच्या चपलांकडे. हा माणूस कारखान्यात शंभर कामगारांची हजेरी घेत असे.

ब्रदर माइक झाकून पुढे आले. "सिस्टर, चमत्काराची साक्ष अजून संपली नाही. खाली उतरा." मग माइक उघडून, गोड आवाजात, "बघा लोकहो! नावानं ख्रिस्ती, आणि मनात संशय! अशांसाठीच प्रभू जास्त रडतो!"

पट्टे लावलेले दोन दांडगे स्वयंसेवक विमलाला धरायला आले. पोरीला ओढून नेणं शक्य नव्हतं. आई हलल्याशिवाय पोर हलणार नव्हती आणि पुतळा रडत होता तोवर आई हलणार नव्हती. विमलानं पुतळ्याकडे नीट पाहिलं. थेंब ओले होते ते मेणबत्त्यांच्या धगीजवळ. छातीवर ओघळलेला थेंब मात्र समुद्राच्या वाऱ्यावर पांढरा पडला होता. मार्गळी महिन्यातली थंडी होती. त्याच सकाळी गाडीत तिची खोबरेल तेलाची बाटली गोठून बसली होती.

तिनं साडीचा पदर हाताला गुंडाळला आणि एका बाजूच्या मेणबत्त्या सरळ आडव्या पाडून विझवल्या. मग दुसऱ्या बाजूच्या. मांडवात किंकाळी उठली. स्वयंसेवकांनी तिचे हात पिरगाळले, एकानं कानाखाली वाजवली. पण वारा आपलं काम करत होता. थेंब मंदावले, थांबले, आणि गालांवरच्या ओघळांवर साय धरली.

"अंबुजाबाई," विमला हात सोडवायचा प्रयत्न करत म्हणाली, "तुम्ही दुकानातलं तूप कसं पारखता? तसंच पारखा हे. फक्त तळहातावर चोळून बघा!"

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. अंबुजाबाईंच्या घरात वनस्पती तूप कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. कोणताही दुकानदार तुपाचा डबा देई, तेव्हा त्या बोटभर तूप घेऊन तळहातावर चोळत, नाकाशी नेत आणि भेसळ असेल तर डबा तिथेच आपटून दुकानदाराच्या सात पिढ्या काढत. त्यांच्या नाकाला दुकानदार टरकून असत. त्याच बाईनं आठवडाभर पोरीला चमच्यानं पाजलं होतं ते मात्र कधी हुंगलं नव्हतं.

"सामीची परीक्षा बघायची नसते," अंबुजाबाई पुटपुटल्या. पण डोळे त्या पांढऱ्या ओघळावर खिळले होते.

"पोरीची शपथ आहे तुम्हाला!"

त्यांनी बोट पुढे केलं. गालावरचा थर निघून बोटावर आला. सवयीनं, विचार करायच्या आधीच, त्यांनी तो तळहातावर चोळला आणि नाकाशी नेला.

त्यांचा चेहरा पाहून स्वयंसेवकांचे हातही ढिले पडले.

"वनस्पती," त्या म्हणाल्या. मग ओरडल्या, "वनस्पती आहे हें! वडे तळायचं वनस्पती!"

विमलानं पुतळ्याचा मुकुट खेचून काढला. खाली डोक्याला वाटीएवढं भोक होतं आणि कवटी पांढऱ्याशुभ्र वनस्पतीनं गच्च भरलेली होती. डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुईएवढी छिद्रं. मेणबत्त्या जवळ आणल्या की तूप वितळायचं आणि प्रभू रडायचा. मेणबत्त्या दूर केल्या की छिद्र गोठून बंद. एवढाच तो चमत्कार! शाळेतल्या पाचवीच्या पोरीला समजावा असा.

आता लोक ब्रदरांना फाडून खातील, असं कोणाला वाटेल. तसं काही झालं नाही. ब्रदर मागच्या झावळ्या सारून पसार झाले, आणि लोक धावले ते पुतळ्याकडे. एका म्हातारीनं भोकात हात घालून तुपाचा गोळा काढला आणि नातवाच्या कपाळाला फासला. दुसऱ्यानं विमलाच्या पाठीत गुद्दा घातला, "पापिणी, देवाचं डोकं फोडलंस!" त्या गर्दीतून राव सुंदरीला खांद्यावर टाकून रडत धावत होते.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं इन्सुलिन कधी दिलं?" डॉक्टरांनी वास घेतला आणि पुढे विचारलं नाही. सगळे उपाय केले. दुसऱ्या दिवशी दुपारी सुंदरी गेली. शुद्धीवर ती आलीच नाही, त्यामुळे पुन्हा सुई टोचली हे तिला कळलं नाही.

गल्लीत आठ दिवस एकच चर्चा. टीचरम्मानं मेणबत्त्या विझवल्या आणि पोरीची ज्योत विझली! नारायणस्वामी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगे. विमलाच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले, चहा घेतला आणि खाकरून म्हणाले, "भोंदू होता, मान्य. पण लोक निदान प्रभूकडे वळत होते. चारचौघांत असा तमाशा नको होता."

"पाळकसाहेब," विमला म्हणाली, "लोक प्रभूकडे वळले नाहीत, तुपाच्या डब्याकडे वळले. आणि एक पोर मेली. तुम्ही पुढच्या रविवारी यावर बोलणार आहात का?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. पुढच्या रविवारी ते क्षमेवर बोलले.

महिन्याभरानं बातमी आली की अड्यारला नवा मांडव पडला आहे. नवा पुतळा, तेच बूट. ब्रदर तिथे एक साक्षही सांगत: तिरुवल्लिकेणीच्या एका पोरीला प्रभूनं बरं केलं होतं, पण ऐन वेळी तिच्या आईनं संशय घेतला, म्हणून प्रभूनं पोरीला परत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी अंबुजाबाई विमलाच्या दारात उभ्या राहिल्या. पोर गेल्यापासून त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. "टीचरम्मा," त्या म्हणाल्या, "अड्यारची बस कुठं मिळते?"

दोघी गेल्या. मांडवात शिरल्या नाहीत, बाहेर पडायच्या वाटेवर उभ्या राहिल्या. तळहातावर अश्रूचा थेंब झेलून लोक बाहेर येत होते. विमला त्यांना एकच गोष्ट सांगत होती, "देव मानू नका, असं मी म्हणत नाही. मीही मानते. पण औषध सोडायला सांगतो तो देवाचा माणूस नव्हे. देवानं नाक दिलंय, डोकं दिलंय, ते वापरा." बहुतेक लोक तोंड वाकडं करून पुढे जात. एक जण थुंकला.

मांडवातून एक बाई आली. तिच्या खांद्यावर तापानं फणफणलेलं मूल होतं आणि मूठ घट्ट मिटलेली होती. अंबुजाबाई तिच्या आडव्या आल्या.

"चोळ. वास घे. मग पाज."

"सामीची परीक्षा बघायची नसते, अम्मा," ती बाई दचकून म्हणाली.

"मींही हेंच म्हटलं होतं," अंबुजाबाई म्हणाल्या. "माझीच पोर ती. आंत सांगतो ना तो, तीच."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं, मूठ उघडली, तळहात चोळला आणि नाकाशी नेला.