ठेवणीतलं चाक

गाडी उलटली तेव्हा मी झोपले होते. जाग आली तेव्हा सीटच्या पट्ट्याला लोंबकळत होते आणि माझ्या बरोबर खाली, दाराला टेकून, नवरा माझ्याकडे बघत होता. लग्नापासून मी त्याच्या डोक्यावर बसले आहे असं सासूबाई म्हणतात. त्या दिवशी ते बघायला त्या तिथे हव्या होत्या. माझं मनगट मोडलं, त्याच्या भुवईला टाके पडले आणि मागच्या हौद्यात पोचवायला घेतलेल्या खिडक्यांच्या काचांचा चुरा झाला. पिकअप रस्त्याकडेच्या चरात उजव्या कुशीवर पडली होती. मागचं डावं चाक वर हवेत होतं आणि त्याच्यावर नक्षीच नव्हती. टायरचा वरचा सगळा थर सोलून निघाला होता आणि मागे रस्त्यावर एखाद्याने कमरेचा पट्टा काढून टाकावा तसा पडला होता.

भेटायला आलेल्या प्रत्येकाने आधी माझा हात बघितला आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "वेग किती होता गं?" मला काय माहीत? मी झोपले होते. पण 'झोपले होते' म्हटलं की लोकांना वाटायचं, नवऱ्याला पाठीशी घालते आहे.

बाबांना विचारायची गरजच पडली नाही. त्यांनी निकाल दवाखान्याच्या जिन्यातच लावला होता. ते आयुष्यभर फर्निचरच्या एका व्यापाऱ्याकडे गाडीवर होते आणि त्यांच्या हातून साधी आरशाची काच फुटली नाही. पिकअपही त्यांचीच. गुडघे गेल्यावर त्यांनी ती माझ्या नवऱ्याला चालवायला दिली, कागद मात्र स्वतःच्या नावावर ठेवले. गाडी दिली त्या दिवसापासून ते तिच्या तब्येतीची चौकशी माझ्यापेक्षा जास्त करायचे.

"हवा बघितली नसणार," ते म्हणाले. "वर भरधाव हाणली असणार. नवं कोरं चाक कुणी फाडून दाखवावं! जावईबापूंनी दाखवलं."

"सत्तरच्या आत होतो, मामा," नवरा म्हणाला. टाक्यांमुळे त्याची एक भुवई वर गेली होती, त्यामुळे तो जे बोलेल ते थापेसारखं वाटत होतं.

"गाडी दुरुस्त होऊन आली की पुतण्याकडे देणार," बाबा म्हणाले. "तुम्ही दुसरं काहीतरी बघा."

दुसरं काहीतरी म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. नवऱ्याला गाडीशिवाय दुसरं काही येत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तो एका गोदामात खोकी उचलायला जायला लागला. घरी आला की मुकाट जेवायचा आणि माझ्या प्लास्टरकडे बघायचं टाळायचा. मीही फार काही बोलत नव्हते. खरं सांगायचं तर माझाही त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता. मोकळा रस्ता दिसला की त्याचा पाय जड होतो हे मी जागेपणी पाहिलेलं आहे. मग झोपेत काय झालं असेल, असं मला सारखं वाटत राहायचं आणि स्वतःचा रागही यायचा.

आता त्या नव्या कोऱ्या चाकाबद्दल सांगायला हवं. आमच्या माहेरी चांगली वस्तू वापरायची नसते. काचेचा सेट पाहुण्यांसाठी, पाहुणे आले की म्हणायचं, घरचीच तर माणसं आहेत, स्टीलचे पेले काढ. माझ्या लग्नात शिवलेला बाबांचा शर्ट अजून घडी मोडायची वाट बघतो आहे. पिकअप घेतली तेव्हा बाबांनी दोन जादा चाकं घेतली होती, जोडीने. रिवाज असा की जादा चाक, म्हणजे स्टेपनी, गाडीखाली अडकवून ठेवायची. बाबांना ते पटेना. "नवं चाक चिखलात लटकवायचं?" म्हणून त्यांनी गाडीखाली एक झिजलेलं चाक लावलं आणि नवी जोडी माळ्याखालच्या अडगळीच्या खोलीत गोधडी पांघरून उभी केली. ती एका जागी टेकून चपटी होऊ नयेत म्हणून दर रविवारी ते ती थोडी फिरवायचे. महिन्यातून एकदा डिझेलच्या फडक्याने पुसायचे. इतकी चकाकायची की आई म्हणायची, माझ्याही तोंडावरून असा हात फिरवला असता तर मी अजून तरुण दिसले असते.

त्या दिवशी मी सहज नवऱ्याबरोबर निघाले होते. दुकानाला सुट्टी होती, खिडक्या पोचवायच्या गावी नदी आहे म्हणाला, म्हटलं चल. बाबा गाडी बघायला आले. मागचं डावं चाक गुळगुळीत झालेलं त्यांना दिसलं. ते नवऱ्याला काही बोलले नाहीत. आत गेले आणि गोधडीतलं एक चाक गडगडत बाहेर घेऊन आले. मी चाट पडले. त्यांनी स्वतः गुडघे टेकून, आई गं आई गं करत, ते बसवलं. "बघ, नव्या टायरचे रबरी केससुद्धा अजून झडले नाहीत," म्हणाले. "माझी मुलगी बसणार आहे गाडीत. तिच्या बाजूला चांगलं चाक हवं." दुसरं राहू दे, पुढेमागे लागेल, असं म्हणून त्यांनी ते परत पांघरलं.

महिन्याभराने गॅरेजवाल्याचा फोन आला. बाबा मला घेऊन गेले. मी काय करणार होते तिथे एका हाताने? पण त्यांना माझ्यासमोर कुणाकडून तरी वदवून घ्यायचं होतं की हवा कमी होती. गॅरेजच्या आवारात पिकअप दोन्ही दारं काढून उभी होती. बाबांनी गॅरेजवाल्याला धरलं आणि दाराच्या पत्र्यावरून त्यांची जी जुंपली, ती थांबेना. मी एका बाजूला टायरवाल्याच्या पत्र्याच्या खोपटापाशी जाऊन बसले. आमचं चाक तिथेच पडलेलं होतं. शेजारी तो सोललेला पट्टा गुंडाळून ठेवला होता.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचेच्या कडेला कोरलेले बारीक आकडे वाचणं हाच माझा दिवस. त्यामुळे समोर काही कोरलेलं दिसलं की मी वाचतेच, त्याला इलाज नाही. चाकाची जी बाजू गाडीखाली, आतल्या अंगाला होती, तिच्यावर एका लांबट चौकटीत चार आकडे होते.

"हे काय आहे हो?" मी विचारलं.

"जन्मतारीख," टायरवाला म्हणाला. "पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. एकाच बाजूला असते. नावाची बाजू लोक बाहेर ठेवतात, मग ही जाते आत. कुणी बघत नाही."

पुढचे दोन आकडे ज्या सालाचे होते, त्या साली मी आठवीत होते.

"पण हे वापरलेलंच नाही," मी म्हणाले. "घरात ठेवलं होतं. सावलीत."

"रबर आहे ताई ते. पळवलं तरी म्हातारं होतं, झोपवलं तरी होतं." त्याने बाजूच्या भिंतीवर अंगठा दाबला. दाबल्याबरोबर तिथे केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उघडलं. "हवा कमी असती तर ही बाजू आतून भाजून निघाली असती. नाही भाजलेली. आतला चिकटा वाळला आणि थर सुटला. पुसायचे कशाने?"

"डिझेलच्या फडक्याने. दर महिन्याला."

"डिझेल रबर खातं, ताई," तो म्हणाला. त्याने एकदा बाबांच्या पाठीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चाक पायाने सरकवून बाजूला केलं. तेवढ्यात बाबा आले. "काय म्हणतो? हवा नव्हती ना?" टायरवाला म्हणाला, "टायर गेलेला आहे, काका," आणि पान्याने काहीतरी ठोकायला लागला. भला माणूस. गोची माझ्यावर टाकून मोकळा झाला.

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो उसळेल, आत्ताच्या आत्ता चल म्हणेल, निदान महिनाभर गिळलेलं बाहेर काढेल. तो भाजी निवडत होता, तशीच निवडत राहिला.

"म्हणजे तुलाही वाटत होतं, मी हाणली म्हणून," तो म्हणाला.

मी एका हाताने त्याच्यासमोरचे देठ गोळा करायला लागले.

"जाऊ दे. मामांना नको सांगूस. ते जिवाला लावून घेतील."

"आणि तू खोकी उचलत बसणार?"

"जाऊ दे म्हटलं ना."

मला त्याचा अभिमान वाटला आणि लाजही वाटली. असा माणूस आपल्याला मिळाला आणि आपण त्याच्या वेगाचा काटा किती पुढे गेला होता याचा हिशोब करत बसलो, असं वाटलं. मी गप्प राहायचं ठरवलं. निदान काही दिवस.

ते काही दिवस रविवारपर्यंत टिकले. माहेरी गेले तर अडगळीच्या खोलीचं दार उघडं आणि बाबा दुसरं चाक अंगणात आणून पुसत बसलेले. डिझेलचा वास अंगणभर. चाक नव्या बुटासारखं चमकत होतं.

"पुतण्याला देतोय," ते म्हणाले. "गाडी परवा येईल. मागचं डावं रिकामंच आहे. त्याला तरी कदर असेल. आणि हो, तो म्हणत होता, पहिल्याच खेपेला बायको-पोरांना फिरवून आणतो."

वहिनी, तिची दोन मुलं, आणि त्यांच्या बाजूला चांगलं चाक.

सांगायचं कसं, हा प्रश्न मी आठवडाभर चघळला होता. मी पर्समधून दुकानातलं भिंग काढलं. चाक एका हाताने फिरवेना, म्हणून म्हटलं, "बाबा, ते जरा उलटं करा." त्यांनी केलं. मी चौकटीवर बोट ठेवलं. "वाचा. शेवटचे दोन आकडे साल असतं."

त्यांनी वाचलं. भिंग पुढे-मागे करून पुन्हा वाचलं. मी त्यांना टायरवाल्याचं बोलणं सांगितलं, शब्द न बदलता. भेगांचं सांगितलं. डिझेलचं सांगणार नव्हते, पण फडकं त्यांच्या हातातच होतं, त्यामुळे तेही सांगितलं. त्यांनी अंगठ्याने बाजूची भिंत दाबली. तेच जाळं उघडलं. अंगठा काढला की मिटायचं, पुन्हा दाबला की उघडायचं. ते कितीतरी वेळ तेवढंच करत राहिले. आई दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत आत गेली.

"तुझ्या बाजूला मीच लावलं," बाबा म्हणाले.

मला रडू आलं. हात मोडला तेव्हाही आलं नव्हतं.

त्यांनी आतून करवत आणली आणि त्या चाकाचा टायर दोन ठिकाणी कापला, कुणी उचलून वापरू नये म्हणून. घामाघूम झाले. मग तोंड धुतलं, आत गेले आणि माझ्या लग्नात शिवलेला शर्ट घालून बाहेर आले. घडीच्या रेघा छातीवर तशाच होत्या. "चल," म्हणाले.

नवरा घरीच होता. बाबांना बघून उठून उभा राहिला. बाबांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, पण बसले नाहीत.

"चाक माझं खराब होतं," ते म्हणाले. "मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. सगळ्यांनी वेग विचारला, मी तर तोही विचारला नाही. आता विचारतो. काय झालं होतं तिथे?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग किल्लीकडे. किल्लीला त्याने हात लावला नाही.

"आवाज येत होता, मामा," तो म्हणाला. "धप, धप, धप. मागून डावीकडून. चांगली दहा-पंधरा मिनिटं. मला कळलं होतं चाकात काहीतरी आहे."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणून तर 'नको सांगूस' म्हणाला होता. आणि मी आठवडाभर त्याचा अभिमान बाळगून होते.

"मग थांबला का नाहीत?"

"वेग कमी केला. साठावर आणली, पन्नासावर आणली. पुढे पेट्रोलपंप होता, म्हटलं तिथे थांबू." तो अडखळला. "ही झोपली होती. नुकतीच लागली होती झोप. आदल्या दिवशी दुकानात उशीर झाला होता हिला. रस्त्याकडेच्या खड्ड्यांत उतरवून गाडी थांबवली असती तर उठली असती."

बाबा खुर्चीवर बसले. शर्टाची कडक कॉलर त्यांना टोचत होती, ती त्यांनी एका बोटाने सैल केली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी येऊ दे, येऊ दे करत होतं.

"मीसुद्धा थांबलो नसतो," बाबा म्हणाले, आणि किल्ली त्याच्याकडे सरकवली.

त्याने ती घेतली. दोघे एकमेकांकडे बघून मान हलवत होते, जणू सगळं सगळ्यांना समजलं. एकाने माझ्या बाजूला चांगलं चाक लावलं, दुसऱ्याने माझी झोप मोडली नाही. मी प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसले होते. उठवलेलं चाललं असतं का, हे दोघांपैकी कुणीही मला विचारलं नाही. चाललं असतं.